रविवारची पौर्णिमा

२२ सप्टेंबर, रविवार

इथल्या मराठी मंडळात आज भूषणचा सत्कार झाला. घरी येऊन अर्धी पोळी खाल्ली आणि पानावरून उठलो.

भूषण म्हणजे दुर्गच्या श्यामराव गँगमनचा मुलगा. मी स्टील प्लांटमध्ये होतो, आम्ही सेक्टर २ च्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा मी दर रविवारी मराठीचा वर्ग घ्यायचो. प्लांटमधल्या आणि रेल्वेतल्या आपल्या लोकांची पोरं हिंदीत वाहून जाऊ नयेत, एवढाच हेतू. भूषण दुर्गहून सायकल मारत यायचा. शाळेच्या जुन्या पुस्तकातली चांदण्याची कविता त्याच्यासारखी कुणी म्हटली नाही. बाकीची पोरं अडली की आपल्या पदरचा शब्द घालून पुढं जायची. हा थांबायचा, डोळे मिटायचा आणि खरा शब्द शोधून आणायचा. तेव्हाच मी श्यामरावला म्हटलं होतं, हा वकील होणार.

झाला. पुढं दोन वेळा पार्षद, म्हणजे नगरसेवकही झाला. दोन्ही निवडणुकांत वैशाली नगरच्या भिंतींवर माझी ओळ होती, 'नाली साफ, नीयत साफ'. माझ्या पोरानं, नरेशनं, खांबाखांबावर चढून बॅनर बांधले. मागच्या खेपेला पक्षानं तिकीट कापलं, आणि आता सरकार आल्यावर त्याची भरपाई म्हणून दुर्गच्या कोर्टात लोक अभियोजक केलं. सरकारच्या वतीनं गुन्हेगारांविरुद्ध उभा राहणारा वकील. नरेश म्हणतो, पक्षानं त्याले चॉकलेट देलं.

मी आठ ओळी रचून नेल्या होत्या. त्या वाचायच्या आधीच भूषणसाहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, आता मी तुमचा पार्षद नाही. नळाची, नालीची कामं माझ्याकडे आणू नका. आणि दुसरीही आणू नका.

दुसरी म्हणजे कोणती? आम्ही काय चोर आहोत? सभागृहात टाळी वाजेना. कागद खिशातच राहिला.

१६ ऑक्टोबर, बुधवार

गुडघा ठणकतोय, त्यामुळे गच्चीवर गेलो नाही. खिडकीतूनच पौर्णिमा पाहिली. प्लांटच्या बाजूचं आभाळ तांबूस आणि त्यावर पांढरा चंद्र. सेक्टर २ च्या अंगणात कडुनिंब होता, त्याच्या फांद्यांतून हाच चंद्र तुकड्यातुकड्यांनी खाली यायचा. आता कडुनिंबही नाही, अंगणही नाही. जुनं कवितांचं पुस्तक काढून बसलो.

नरेश पिकअप घेऊन नंदिनी रोडला प्लॉटच्या दलालीच्या कामाला गेलाय. जेवायला येतो म्हणाला होता, आला नाही. ही जागी बसून आहे. मी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत पडतो.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

काल संध्याकाळी कुणीतरी कलावतीचं होटल जाळलं.

होटल म्हणजे काय, चार बांबू, पत्रा आणि मागं ताडपत्री लावून केलेली झोपायची जागा. सकाळी फिरायला गेलो की मी तिथं चीला, म्हणजे इकडचं तांदळाचं धिरडं, खातो. कलावती तव्यावर पाण्याचा हबका मारते, तो चर्र आवाज ऐकला की मला आईची चूल आठवते. 'बइठ न बबा,' म्हणते आणि स्टूल पुसून देते. तिचा नवरा दयाराम एका पायानं अधू. आग लागली तेव्हा तो आत झोपलेला होता. तिनं पेटत्या ताडपत्रीखाली हात घालून त्याला ओढून काढलं. तो वाचला. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत जळाले.

राखेत तवा उलटा पडला होता. त्या जागेवर म्हणे कुण्या सेठचा डोळा आहे. ज्यानं हे केलं त्याचे हात तोडले पाहिजेत. मी हे तिथं मोठ्यानं बोललो, पाच-पन्नास लोकांसमोर.

घरी आलो तर ही सोड्याच्या पाण्यात नरेशचा शर्ट भिजवून बसलेली. पिकअपचा पेट्रोल पाइप फुटला म्हणे. मी कलावतीचं सांगत होतो, पण हिचं लक्ष नव्हतं. माणसाला दुसऱ्याच्या दुःखाचं काही उरलं नाही. अगदी हिलासुद्धा.

२० ऑक्टोबर, रविवार

आज कोजागिरी. फार दिवसांनी मन भरलं.

मंडळाच्या गच्चीवर दूध आटवलं. दरवर्षीप्रमाणे नरेशच भट्टीवर. एवढा दोन पोरांचा बाप, पण उलथनं घेऊन उभा राहिला की मला दहा वर्षांचाच दिसतो. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो, त्याला तीन कविता ऐकवल्या. त्यानं मान डोलावली. आज फार गप्प होता. डाव्या भुवईचे केस जळलेत त्याचे. भट्टीवर वाकून काम करतो, सांगितलं तर ऐकत नाही.

भूषण उशिरा आला. नरेशनं पेला पुढं केला तर तो घेईना. नुसता त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, साखर बंद आहे. आणि गेला. खुर्ची माणसाला एवढी चढते.

७ नोव्हेंबर, गुरुवार

नरेशला नेलं.

कलावतीनं नाव घेतलंय म्हणे. आगीच्या उजेडात तोंड पाहिलं म्हणे. ज्या बाईच्या हातचं मी इतकी वर्षं खाल्लं, तिनं माझ्या पोराचं नाव घ्यावं! सेठचं नाव घ्यायची छाती नाही, म्हणून गरीब दलालाला धरलं. शेजारची रीना दारात उभी राहून मोबाइलवर फोटो काढत होती. सूनबाई नीतू पोरांना घेऊन राजनांदगावला माहेरी गेली. ही देवापुढं बसून आहे, पण जप करत नाही. नुसती बसून आहे.

भूषणला सहा वेळा फोन केला. उचलला नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

जामीन नाकारला. विरोध कुणी केला? आमच्या भूषणनं. ज्याचे बॅनर बांधताना नरेश खांबावरून पडून हात मोडून बसला होता, त्या भूषणनं.

संध्याकाळी रिक्षा करून त्याच्या घरी गेलो. त्याची बायको हर्षा पाया पडली, चहा ठेवायला आत गेली. तो लुंगीवर, फायलीत डोकं घालून. मी बसलो नाही. उभ्यानंच म्हटलं, ही केस सोड.

"सोडतो म्हटलं तर उद्या सोडता येते," तो म्हणाला. "मंग ते माझ्या हाताखालच्याकडे जाईन. तो कोन आहे मालूम आहे का तुमाले? त्याच सेठचा भाचा."

मी म्हटलं, मग तर बरंच आहे.

त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाला, पक्षाचे दोघं येऊन गेले, मंडळाचे चौघं येऊन गेले. सगळे हेच म्हणाले. मग हळूच विचारलं, "काका, तुमी नरेशले विचारलं का?"

"काय विचारू?"

"काई नाई," तो म्हणाला.

हे काय बोलणं झालं? चहा न घेता निघालो. घरी आलेल्या पोराच्या बापाला कोडी घालतो. श्यामराव असता तर ह्याला कमरेच्या पट्ट्यानं झोडला असता.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

वकील केला, सुशील नावाचा. रायपूरचा आहे, चटपटीत. त्यानं मोबाइलवर पंचांग उघडलं आणि म्हणाला, सोलह अक्टूबर को तो शरद पूर्णिमा थी. आप मराठी लोग मनाते हैं ना? उस शाम लड़का कहाँ था?

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कोजागिरी! नरेश तर माझ्याजवळ होता! गच्चीवर, भट्टीपाशी, उलथनं हातात. तीन कविता ऐकवल्या मी त्याला. वकिलानं टेबलावर हात आपटला. म्हणाला, बस, आप ही हमारे गवाह हैं. इतके दिवस हे मला कसं सुचलं नाही? रागानं माणूस आंधळा होतो, तो असा.

घरी येऊन हिला सांगितलं. हिच्या हातातली पळी खाली पडली. म्हटलं, अगं, सुटला आपला नरेश. ही म्हणाली, "तुमी कोर्टात सांगसान हे?" म्हटलं, का नाही? हिनं पळी उचलली, धुतली, पुन्हा धुतली. आनंदसुद्धा धड व्यक्त करता येत नाही ह्या बाईला.

२ मार्च, रविवार

मंडळात गेलो होतो. तिथं सगळे भूषणवर पेटलेले. आपला माणूस आपल्याच पोराला जेलात घालतो, ह्याला पार्षद आपण केला होता, वगैरे. ठराव झाला, त्याला कार्यकारिणीतून काढला. मी हात वर केला. सगळ्यांत आधी केला.

कलावतीची साक्ष झाली असं कळलं. मी गेलो नव्हतो. सुशील म्हणतो, उलटतपासणीत बाई हलली नाही, पर आपके आगे उसकी क्या चलेगी.

सकाळी फिरायचा रस्ता बदललाय.

२४ जून, मंगळवार

लिहू नये असं वाटतंय. पण लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

पांढरा सदरा घालून गेलो होतो. पिंजऱ्यात नरेश, किती वाळलाय. न्यायाधीश बाई आहेत, पोरगेलीच. शपथ घेतली. सुशीलनं विचारलं आणि मी सांगितलं. छान सांगितलं. गच्ची, दूध, माथ्यावरचा चंद्र, शेजारी माझा मुलगा. बाईंनी लेखणी थांबवून ऐकलं.

मग भूषण उठला. मला वाटलं ओरडेल. नाही. "पुंडलिक जी" म्हणाला. काका नाही, पुंडलिक जी. आणि विचारलं तर काय, की मंडळात कोजागिरी सुरू कशी झाली? सुशील उठला, म्हणाला याचा केसशी काय संबंध. बाई म्हणाल्या, बोलू द्या त्यांना.

मी बोललो. देवा, काय बोललो मी! हिंदीत, पण मन सगळं त्या जुन्या गच्चीवर. म्हटलं, पहिल्या वर्षी आम्ही ऐन पौर्णिमेला केली, तर माणसं आली पाच. बाकीचे कोणी सेकंड शिफ्टला, कोणी नाइटला, रेल्वेवाले लाइनीवर. पातेलंभर दूध नासलं. तेव्हा आमचा श्यामराव म्हणाला, चांद कुठं पळून चाललाय, त्याला रविवारी बोलवा. तेव्हापासून पौर्णिमा कोणत्याही वारी येवो, आमची कोजागिरी पुढच्या रविवारी. "हम लोगों ने चाँद की भी ड्यूटी लगा दी, साहब," मी म्हटलं.

स्टेनो हसली. बाई हसल्या. मीही हसलो.

भूषण हसला नाही. "कभी रविवार छोड़कर पूर्णिमा के दिन ही मना ली हो, ऐसा हुआ?" त्यानं विचारलं. आवाज इतका खाली की बाईंनी पुन्हा विचारायला सांगितलं.

"उसके बाद पचास साल में एक बार भी नहीं," मी छाती काढून म्हटलं.

आणि मग तो काहीच बोलला नाही. नुसता उभा राहिला. कवितेत अडल्यावर राहायचा तसा. त्या शांततेत माझं मला ऐकू आलं. सोळा तारीख. बुधवार. गुडघा. खिडकी.

सुशील उडी मारून उठला. म्हणाला, बुजुर्ग आदमी हैं, गए साल शायद बुधवार को ही मनाई हो, है ना बाबूजी? मान हलवत होता, हो म्हणा, हो म्हणा. पिंजऱ्यातून नरेश बघत होता. मागच्या बाकावर कलावती होती, तिथं माझं लक्ष आधी गेलं नव्हतं. कुणीतरी तिला चहाचा कागदी कप दिला होता, तो तिनं दोन मनगटांमध्ये धरला होता. बोटं एकमेकांना चिकटलेली. पीत होती हळूहळू. माझ्याकडे बघतही नव्हती.

एक 'हो' म्हणायचं होतं. मला अजून कळत नाही ते का निघालं नाही. कलावतीसाठी नाही, खोटं कशाला लिहू. बुधवारी केली म्हटलं असतं तर मंडळाचा नेम मोडला असता. श्यामराव खोटा पडला असता, आणि नाइट शिफ्टहून न झोपता थेट गच्चीवर येणारी ती सगळी मेलेली माणसं खोटी पडली असती. मी म्हटलं, "नहीं. रविवार को ही थी."

बाईंनी विचारलं, फिर सोलह तारीख की शाम आपका बेटा कहाँ था?

"मालूम नहीं," मी म्हटलं.

नरेशनं तोंड फिरवलं.

बाहेर व्हरांड्यात भूषण पाण्याची बाटली घेऊन आला. मी ती हातानं उडवली. वकील, शिपाई, सगळे बघत होते. म्हटलं, "याच्यासाठी शिकवलं होतं का रे तुले?"

"पदरचा शब्द घालायचा नाई, असं तुमीच म्हंत होते काका," तो म्हणाला. खाली वाकून बाटली उचलली. ओठ थरथरत होते त्याचे. विजयानं, दुसरं काय.

२५ जून, बुधवार

हरामखोर. माझ्यावर ओरडला असता तर मी टिकलो असतो. माझ्या खोट्यानं नाही, माझ्या आनंदानं अडकवलं त्यानं मला. ज्या दारातून तो माझ्या घरात लेकरासारखा आला, त्याच दारातून आत शिरून माझा मुलगा उचलून नेला. दुसऱ्या कुण्या वकिलाला हे माहीतच नव्हतं. पंचांगात पाहून गप्प बसला असता.

ही जेवायला बोलावतेय. जाणार नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

नरेशला सात वर्षं. सेठचं नाव कागदावर कुठंच नाही. नरेश शेवटपर्यंत बोलला नाही.

मी गेलो नव्हतो. हीच गेली, एकटी, बसनं. आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, अंगानं तरी बरा दिसत होता. एवढंच.

५ सप्टेंबर, शुक्रवार

भूषणची खुर्ची गेली. वरून आदेश आला, दुसऱ्याला नेमलं. त्या सेठच्या भाच्यालाच. आता भूषण कचेरीसमोर टिनाच्या शेडखाली टेबल टाकून बसतो, दस्तऐवज लिहितो.

बरं झालं. सकाळपासून चार जणांना फोन करून सांगितलं, बरं झालं. पक्षही नाही, मंडळही नाही, खुर्चीही नाही. चौथा म्हणाला, पण केस तर त्यानं जिंकली ना, जिंकलेल्याला कशाला काढलं? मी फोन ठेवला. लोकांना नसते प्रश्न सुचतात.

कलावतीनं त्याच जागी पुन्हा पत्रा उभा केलाय. चीला आता दयाराम करतो, स्टुलावर बसून. ती गिऱ्हाइकाला तोंडानं बोलावते. रस्ता बदलला तरी परतताना तिथूनच यावं लागतं. मी पलीकडच्या कडेनं येतो.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज खरी पौर्णिमा. मंडळाची कोजागिरी रविवारी.

गुडघा धरत धरत गच्चीवर गेलो. ही मागून दोन पेले दूध घेऊन आली. केशर नाही, वेलची नाही, साधं साखरेचं. त्या पहिल्या वर्षानंतर रविवार सोडून ऐन पौर्णिमेला दूध पिण्याची ही पहिलीच वेळ. चंद्र प्लांटच्या धुरावर आला होता. मला कविता आठवेना. म्हणून भूषणला शिव्या दिल्या. वर्षभर देतोय त्याच.

हिनं सगळ्या ऐकून घेतल्या. मग म्हणाली, "त्या बुधवारी बी असाच होता चंद्र. दार मीच उघडलं त्याले. पेट्रोलचा निस्ता वास. भुवई जळालेली. मले म्हणे, बाबाले सांगू नको."

पेला माझ्या हातात होता. म्हटलं, "मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी कवा विचारलं?" ही म्हणाली. "आतल्या खोलीत पुस्तक घेऊन होते ना तुमी."

दुधावर साय धरली, ती तशीच प्यायलो.

हिच्यावर राग आहे. नरेशवर आहे, एवढा की जेलात भेटायला जाईन तेव्हा हात उचलला जाईल. त्या वकिलावर आहे, ज्यानं मला विचारलं फक्त तारखेपुरतं. आणि भूषणवर सगळ्यांत जास्त. कारण ह्या सगळ्यांत 'नरेशले विचारलं का' म्हणून मला विचारणारा तेवढा एक निघाला, आणि मी त्याचा चहा न घेता उठलो.

खाली आलो तर मंडळाच्या सेक्रेटरीचा मेसेज. रविवारी दूध ढवळायला माणूस हवाय, नरेश नाही. भूषणनं नाव दिलंय, पण सगळ्यांचा विरोध आहे, आपलं मत कळवा.

फोन केला. म्हटलं, भट्टीवर भूषणच बसेल. त्याच्या बापानं चंद्राला रविवारी बोलावलं होतं. सेक्रेटरी म्हणाला, म्हणजे तुमचं आता मिटलं म्हणायचं.

म्हटलं, मिटलं नाही. मी त्याच्याशी बोलणार नाही, तेही कळवून ठेवा. आणि त्याला सांगा, भट्टीवर फार वाकू नको.